काकांच्या शिव्या कापायच्या का?

ध्वनिमुद्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे थोरले काका कविता करायचे. पुस्तक कधी निघालं नाही, पण गणेशोत्सवातली आणि कॉलेजांतली कविसंमेलनं त्यांनी गाजवली, काही उधळलीसुद्धा. त्यांच्या वाचनाच्या पिशवीभर कॅसेट माळ्यावर सापडल्या. त्यात कविता थोड्या आणि समोरच्यांशी भांडणं जास्त. शिव्याही आहेत. स्मृतिदिनाला घरच्यांना ऐकवायचा विचार आहे. आत्या म्हणते, गोंगाट आणि शिव्या काढून टाका, नुसत्या कविता ठेवा. माझी मुलगी म्हणते, हात लावू नका. तिने चार्ल्स बुकोव्स्की या अमेरिकन कवीचं रेकॉर्डिंग मला ऐकवलं आणि म्हणाली, "बाबा, हा तर आपल्या आजोबांचा भाऊ शोभतो." काय करावं?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मुलीचं ऐका. आत्यांना दुखवायची गरज नाही, त्यांची सोय पुढे सांगतो.

आधी बुकोव्स्की. जन्म १९२०, जर्मनीतल्या आंडरनाखचा, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या पोस्टात दशकभर कारकुनी केली. एका प्रकाशकाने महिना १०० डॉलर द्यायचं कबूल केलं तेव्हा पन्नाशीच्या तोंडावर त्याने ती सोडली. एवढ्यात कुणाचं भागतं? म्हणून पैशासाठी कॉलेजांत, हॉलमध्ये, बारमध्ये कविता वाचायला लागला. लोकांपुढे उभं राहणं त्याला मनापासून नकोसं वाटायचं. आधी जाऊन ओकायचा, मग बाटली घेऊन स्टेजवर. हे कळल्यावर लोक कवितेपेक्षा त्याला बघायलाच यायला लागले. १९७२ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वाचनाची ध्वनिमुद्रिका निघाली तिचं नावच ‘पोएम्स अँड इन्सल्ट्स’. पुस्तकांवर पोट भरायला लागल्यावर मात्र त्याने हा उद्योग बंद केला. १९८० मध्ये रेडोंडो बीचला शेवटचं वाचन, आणि माणूस जगला १९९४ पर्यंत! तुमच्या काकांना मानधन मिळत होतं का, ते आत्यांना विचारून ठेवा. फुकट भांडत असतील तर हौस मोठी म्हणायची.

आता मुलीकडून १९७२ चं ते रेकॉर्डिंग पुन्हा लावून घ्या, जमलं तर १९७९ चं व्हँकुव्हरचंही, आणि या वेळी शिव्यांकडे लक्ष देऊ नका. कोणी ओरडतं, तो उलट सुनावतो, हशा होतो. मग तो कविता सुरू करतो. आवाज चढत नाही. नाकातला, संथ, शब्द लांबवत जाणारा आवाज, पेंगुळलेल्या माणसाचा वाटावा असा. दंगेखोर म्हणून ज्याची ख्याती, तो कविता म्हणताना त्या हॉलमधला सगळ्यात शांत माणूस असतो. भांडण होतं ते दोन कवितांच्या मधे, आणि त्या भांडणाच्या जोरावर पुढची दोन मिनिटं तो लोकांचे कान ताब्यात ठेवतो. मधलं सगळं कापून नुसत्या कविता ओळीने लावल्यात तर ऐकणारा तिसऱ्या कवितेला घड्याळ बघेल. काकांच्या कॅसेटवर हेच घडतंय का, ते तपासा. माझा अंदाज, घडत असणार.

पुणेकराला यात नवल वाटू नये. पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी ऐकलेल्यांना माहीत आहे, पडद्याआधी छप्पर उडवणारीच पोरं पडदा उघडल्यावर कशी ऐकतात ते. कविता सभेत म्हणून दाखवायची गोडी याच शहरात रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने १९२३ पासून लावली. पुढे विंदा, बापट, पाडगावकर गावोगावी एकत्र वाचायला गेले. त्यांच्या श्रोत्याने ‘वा’ म्हटलं, काकांच्या श्रोत्याने बहुधा ‘बसा आता खाली’ म्हटलं असेल. ‘वा’ ठेवायचं आणि ‘बसा’ कापायचं, हा कुठला न्याय?

आणि यंत्राच्या बाजूनेही सांगतो, कारण माझा धंदा तोच. घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सोय असायची. लोकांनी गलका केला की यंत्र पातळी खाली ओढतं. गलका थांबला तरी ती लगेच वर येत नाही, सावकाश चढते. त्यामुळे हशानंतरची काकांची पहिली ओळ विहिरीतून आल्यासारखी लागेल. ते थांबले की मागची खरखर फुगत जाईल, पंखा जवळ येईल, शेजारचा खोकलेल तर तो काकांपेक्षा मोठा. लोक म्हणतात, कॅसेट खराब झाली. कॅसेट ठीक आहे. हॉल किती पेटला होता याची ती नोंद आहे. गलका कापलात की काकांचा आवाज का बुडाला याचं कारणच टेपवरून जातं, उरतो नुसता खालीवर होणारा आवाज. मग तुम्ही तो ‘सुधारायला’ बसणार आणि आणखी बिघडवणार.

कामाला लागण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढुरकी बुरशी दिसते का बघा. माळ्यावर पुण्याचे एवढे पावसाळे काढल्यावर ती असू शकते. असेल तर ती कॅसेट अजिबात वाजवू नका, जाणकाराकडे द्या, नाहीतर यंत्रातून ती बाकीच्यांना लागेल. वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून काकांवर कोणाचं गाणं टेप होणार नाही. आवाज दबका आला तर टेपमागचा फेल्टचा चिमुकला तुकडा गळून पडलाय का पाहा. कॅसेट स्क्रूची असेल तर टेप दुसऱ्या खोळीत घालता येते. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळून मगच वाजवा. सी-१२०, म्हणजे दोन तासांची कॅसेट, असेल तर जपून, तिची टेप फार पातळ. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, साफ करून घ्या आणि हेडजवळचा स्क्रू ‘स’, ‘श’ स्पष्ट होईपर्यंत जाणकाराकडून जुळवून घ्या. खरखर घालवायच्या कुठल्याही प्रोग्रॅमपेक्षा त्या स्क्रूचा फरक जास्त पडतो. मग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, सुरुवातीच्या ठोक्यापासून शेवटच्या खुर्च्या सरकण्यापर्यंत सलग. तिच्यात काहीही काढायचं, घालायचं नाही. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि कॅसेट टाकून देऊ नका.

आत्यांसाठी त्या फाइलची दुसरी प्रत काढा आणि तिच्यात हवं ते कापा. स्मृतिदिनाला वीस मिनिटं पुरे होतात. माझी अट एकच, एक भांडण अख्खं राहू द्या, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कवितेसकट. सौम्य शिव्यांचं निवडा, असेल तर. बाहेर कुठे टाकणार असाल तर हयात माणसाचं नाव घेऊन घातलेल्या शिव्या मात्र खरंच काढा. काकांच्या कवितांचा हक्क त्यांच्या पश्चात ६० वर्षं वारसांकडे असतो, तेव्हा चुलत भावंडांची परवानगीही घ्या. पिशवीत दुसऱ्या कवींचं वाचन निघालं, तर ते त्यांच्या घरी कळवा.

प्रश्न : कविसंमेलन मोबाइलवर रेकॉर्ड करते, पण सगळं घुमतं. काय चुकतं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही लांब बसता. पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसा, पण स्पीकरच्या तोंडासमोर नको आणि पंख्याखाली नको. फोन एअरप्लेन मोडवर टाका. टेबलावर ठेवायचा तर खाली रुमालाची जाड घडी घाला, नाहीतर चहाचा प्रत्येक कप ऐकू येईल. शेजारणीशी बोलू नका, तुमचाच आवाज सगळ्यात जवळचा असतो.