वाचकांचे प्रश्न : दाढीचा स्वस्त साबण

प्रश्न : वाण्याकडून दाढीच्या साबणाची साधी वडी आणली. ब्रश फिरवला की फेस भरपूर येतो, पण अर्धी दाढी होईपर्यंत गालावर सुकून जातो. महागडा परदेशी साबण घ्यावा का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आधी हीच वडी नीट वापरून पाहा. फेस सुकतो याचं कारण बहुतेक वेळा साबणाची किंमत नसते. एक तर ब्रशवर साबण कमी आलेला असतो, नाही तर फेसात पाणी कमी पडलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून दोन्ही झालेलं दिसतं.

नैसर्गिक केसांचा ब्रश कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवा. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचा असेल तर नुसता ओला केला तरी चालतो. ब्रश झटका, ओला राहावा, पण त्यातून पाणी टपकू नये. वडीवर चमचाभर पाणी घालून दोन मिनिटं ठेवा आणि ओतून टाका. आता वडीवर ब्रश हलक्या हाताने गोल फिरवत राहा. बहुतेक जण पाच-सात सेकंदांत थांबतात. निदान तीस सेकंद फिरवायला हवा. ब्रशच्या टोकांवर घट्ट, चिकट लेप बसला की पुरेसा साबण आला. एका दाढीला साधारण एक ग्रॅम साबण लागतो, म्हणजे साठ ग्रॅमची वडी रोज दाढी करूनही दोन महिने जाते. इतक्या स्वस्त वस्तूत काटकसर करू नका.

हा लेप ओल्या गालावर पसरा आणि मग पाणी द्या. ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवायची, अर्धा मिनिट फिरवायचं, पुन्हा टोकं बुडवायची. असं चार-पाच वेळा करा. सगळं मिळून चहाचा चमचा-दीड चमचा पाणी सहज मुरतं. लेप पांढरा पण निस्तेज दिसतो तोवर तो तहानलेला असतो. फेटलेल्या दह्यासारखी चकाकी आली आणि बोटांनी चोळल्यावर बोटं घसरू लागली की थांबा. मोठे बुडबुडे दिसले किंवा फेस मानेवरून ओघळू लागला, तर पाणी जास्त झालं. अशा वेळी ब्रश पुन्हा वडीवर दहा सेकंद फिरवला की फेस सावरतो. फुगलेला फेस डोळ्यांना छान दिसतो, पण पात्याला घसरण देतो तो दाट, ओला फेस.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर राहायला आल्यापासून तोच साबण, तोच ब्रश, पण फेसच होत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : संशय पाण्यावर घ्या. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते जड असू शकतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात आणि तेवढा साबण वाया जातो. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस जेमतेम आला आणि पाणी गढुळलं तर जड.

उपाय सोपा आहे. दाढीपुरतं अर्धी वाटी आरओचं पाणी वेगळं घ्या. ब्रश भिजवायला आणि फेस करायला तेवढं पुरतं. चेहरा नळाच्या पाण्याने धुवा. पाण्यात लिंबू पिळू नका, आम्लाने साबणच फुटतो आणि फेस बसतो. ब्रशच्या मुळाशी साका धरला असेल तर कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात पाच मिनिटं बुडवा आणि खळखळून धुवा.

प्रश्न : अंघोळीच्या साबणाने दाढी केली तर काय बिघडतं? (एक वाचक, कोपरी)

उत्तर : अंघोळीचा साबण मुख्यतः सोडियमचा असतो, फेस लवकर येतो आणि लवकरच विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि त्याचा मोठा भाग पोटॅशियमच्या अल्कलीने साबणात बदललेला असतो. म्हणून तो पाणी धरून ठेवतो. वेष्टनावर स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर साबण स्वस्त असला तरी बेलाशक घ्या. ग्लिसरीन असेल तर उत्तमच. चरबी चालत नसेल त्यांनी ‘टॅलोएट’ हा शब्द तपासावा. तो प्राणिज चरबीचा साबण असतो. दाढीच्या साबणाच्या काही परदेशी कांड्यांत तो आढळतो.

प्रश्न : पावसाळ्यात वडी लिबलिबीत होते. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, त्यात वडी बंद डबीत ओलीच राहते. दाढी झाल्यावर वडीची वाटी तिरकी करून पाणी काढा, उघडी ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच झाका. न्हाणीघरात ठेवू नका. ब्रश झटकून केस खाली येतील असा टांगा. कांडी वापरत असाल तर ती थेट ओल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने घासा आणि वर ओला ब्रश फिरवा. वाटी लागतच नाही. कांडीची वडी करायची असेल तर ती किसून स्टीलच्या वाटीत ओल्या अंगठ्याने घट्ट दाबून बसवा.

प्रश्न : साबण बदलला तरी मानेवर आग आणि पुरळ येतं. (एक वाचक, वाशी)

उत्तर : मग दोष बहुधा हाताच्या दाबाचा किंवा बोथट पात्याचा आहे. पातं ओढल्यासारखं वाटलं की लगेच बदला. बऱ्याच जणांना ते चार-पाच दाढ्यांना पुरतं. मानेवर केस कोणत्या दिशेने वाढतात ते कोरड्या दाढीवर बोट फिरवून पाहा, आणि पुरळ जाईपर्यंत फक्त त्याच दिशेने रेझर फिरवा, उलट्या दिशेने नको. दुसऱ्यांदा रेझर फिरवण्याआधी फेस पुन्हा लावा. शेवटी गार पाण्याने धुवून ओली तुरटी फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. तुरटी आणि पातं प्रत्येकाचं वेगळं ठेवा. पुरळात पू दिसला तर दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.