यंत्र हवंय की दगड?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. मंगळावरच्या खडकांचा अभ्यास करायचा म्हणते. आम्ही जेईईचा क्लास लावलाय, तिला जिऑलॉजी हवंय. घरचे विचारतात, दगडांत काय ठेवलंय? – एक आई, मेहकर

ताई, घरच्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. जुलै 2024 मध्ये नासाच्या ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरला (मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीला) तिथल्या जेझेरो विवराजवळ, एका जुन्या नदीच्या पात्रात, जेमतेम मीटरभर लांबीचा एक खडक दिसला. त्याचं नाव ‘चेयावा फॉल्स’. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे बारीक ठिपके होते, मध्ये फिकट आणि कडेला काळे. रोव्हरवरच्या क्ष-किरण उपकरणाने त्यांत लोह आणि फॉस्फरस दाखवलं. व्हिवियनाइट नावाचं असं खनिज पृथ्वीवर तळ्याच्या गाळात, कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांजवळ तयार होतं. मग हे ठिपके सूक्ष्मजीवांनी केले, की नुसत्या रसायनांनी? सप्टेंबर 2025 मध्ये शोधनिबंध आला, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. खडकातून काढलेला नमुना अजून मंगळावरच, नळीत बंद आहे.

पण या खडकापाशी थांबायचं, बाकीचे सोडून यालाच ड्रिल लावायचं, हे ओळखायला खडक वाचणारी माणसं लागतात. लेकीला एवढंच विचारा: तिला ती गाडी बनवावीशी वाटते, की त्या ठिपक्यांचं कोडं सोडवावंसं वाटतं? गाडी म्हणाली, तर जेईई आणि इंजिनिअरिंग ठीक आहे. ठिपके म्हणाली, तर तिचं बरोबर आहे, आणि तिच्या आड येऊ नका असं मी अगदी मनापासून सांगते.

बारावीला गणित मात्र सोडू देऊ नका. पुढे जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. (पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये हा विभाग आहे), मग ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., आणि पीएच.डी.साठी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा. तिथे ग्रहविज्ञानावरच काम चालतं. लावलेला क्लासही फुकट जाणार नाही. काही आयआयटींत भूविज्ञानाच्या पदवीला जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधूनच प्रवेश मिळतो. नासाच्या थेट नोकऱ्या बहुतेक अमेरिकी नागरिकांसाठीच असतात, हे तिला आजच सांगा. रोव्हरची छायाचित्रं मात्र जगाला मोफत खुली आहेत. पोटापाण्याची काळजी असेल, तर भूजल, खाणकाम, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हे सगळं याच पदवीवर आहे.

आणि तुम्ही तर लोणारच्या शेजारी राहता! उल्का आदळून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, तयार झालेलं हे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात. येत्या रविवारी तिला घेऊन जा. बरोबर वही आणि भिंग असू द्या, हातोडी नको. तिथला दगड फोडायचा नाही, उचलायचाही नाही. एका खडकासमोर तासभर बसून रंग, छिद्रं, कडा, जे दिसेल ते तिने लिहून काढावं. ती पानं मला पाठवा. क्लासचं काय करायचं, ते त्यानंतर ठरवू.