वाचकांचे प्रश्न: सुटा कीबोर्ड असलेला टॅबलेट

टॅबलेट टेबलावर नीट चालतो, पण मांडीवर घेतला की कीबोर्ड मधूनच बंद पडतो. दुरुस्तीला टाकू का? (नाशिक)

थांबा. हा दोष बहुधा जोडणीचा असतो. जोडाच्या एका बाजूला स्प्रिंगच्या बारीक पिना असतात, दुसऱ्या बाजूला धातूचे ठिपके. वीज आणि अक्षरं दोन्ही तिथूनच जातात. मांडीवर जोड वाकतो, त्यात ठिपक्यांवर घामाचा किंवा तेलाचा थर असला की पीन टेकूनही टेकत नाही.

बंद पडेल तेव्हा कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला तर जोडणी शाबूत आहे, घोळ सॉफ्टवेअरचा. टॅबलेट रीस्टार्ट करा. नाही लागला, तर टॅबलेट बंद करून कीबोर्ड काढा. धागे न सुटणाऱ्या कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब लावून दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, मग जोडा. हात धुवायचा सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट राहतं. पॉलिश पेपर तर मुळीच नको. वरचा मुलामा गेला की ठिपका गंजतो.

एवढं करूनही तेच, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टॅबलेटला तुमचा कीबोर्ड लावून बघा. दोष कुणाचा ते तिथेच कळेल, आणि दुरुस्तीवाल्याला नेमकं सांगता येईल.

पिनांचा कीबोर्ड घ्यावा की ब्लूटूथचा? (कोल्हापूर)

रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर पिनांचा. त्याला वेगळं चार्जिंग नाही, पेअरिंगची कटकट नाही. मात्र तो त्याच घराण्यातल्या टॅबलेटला बसतो: मायक्रोसॉफ्टच्या सरफेस गो टॅबलेटचा कीबोर्ड त्यांच्याच सरफेस प्रोला चालत नाही. शिवाय तो बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि जाहिरातीतलं वजन त्याच्याशिवायचं असतं. सरफेस प्रो ७ सुमारे ७७५ ग्रॅम, त्याचा कीबोर्ड (टाइप कव्हर) ३१० ग्रॅम. म्हणजे पिशवीत किलोच्या वरच. ब्लूटूथचा मात्र फोनलाही जोडता येतो.

विंडोज टॅबलेटवर ‘किनाऱ्यावर’ लिहिताना ‘किनार्यावर’ उमटतं. (पणजी)

साधा र वापरला की रफार होतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत शिफ्ट धरून J दाबा, नुक्त्याचा ऱ येईल. मग D (पाय मोडायला), तिरपी रेघ (य) आणि E (काना). इंग्रजीत परतायला विंडोज आणि स्पेसबार एकत्र.