वाचकांचे प्रश्न : संकटात देवाची दिशा कशी ओळखावी?

प्रश्न : यजमानांची कंपनी बंद पडून चार महिने झाले. एक एजंट आखातात नोकरी लावून देतो म्हणतो. आठवड्याभरात दीड लाख भरायचे आहेत, त्यासाठी दागिने गहाण ठेवावे लागतील. प्रार्थना करून बायबल उघडले तर उत्पत्ती १२:१ निघाले, अब्राहामाला देश सोडून जायला सांगितलेले. दुसऱ्या दिवशी यिर्मया ४२:१९ निघाले, 'मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका'. आता देवाची इच्छा कोणती समजायची?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : भगिनी, दोन्ही वचने खरी आहेत, पण ती वेगळ्या माणसांना वेगळ्या प्रसंगी सांगितलेली आहेत. डोळे मिटून पान उघडले की मनात जे आधीपासून चाललेले असते तेच त्या पानात दिसते. भीती असेल तर 'जाऊ नका' पटते, आशा असेल तर 'जा' पटते. म्हणून वचन सुटे घेऊ नका, अख्खा अध्याय वाचा.

यिर्मयाचा ४२वा अध्याय तर तुम्ही दोघांनी आज रात्रीच वाचावा. यरुशलेमेचा पाडाव झाल्यावर मागे उरलेले लोक संदेष्ट्याकडे येतात आणि आम्ही कोणत्या वाटेने जावे हे देवाला विचार, म्हणतात. उत्तर दहा दिवसांनी येते (वचन ७). संदेष्ट्यालाही थांबावे लागले. उत्तर आले तेव्हा लोकांनी ते झिडकारले, कारण मिसरला जायचा त्यांचा बेत पक्का होता आणि त्यांना फक्त होकार हवा होता. तेव्हा प्रार्थनेला बसण्याआधी एकमेकांना विचारा : देव 'नको' म्हणाला तर आपण ऐकणार आहोत का? याचे उत्तर 'हो' येईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी नेहमीची गल्लत म्हणजे, दार उघडले म्हणजे देवानेच उघडले असे धरून चालणे. योना संदेष्टा देवापासून पळून याफो बंदरात गेला, तेव्हा तार्शीशला निघालेले जहाज तिथे तयारच होते. त्याने भाडे भरले आणि चढला. सगळे अगदी जुळून आले होते आणि दिशा साफ चुकीची होती.

मग ठरवायचे कसे? येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात लिहिलेली पद्धत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही उपयोगी पडते. एका कागदावर चार रकाने करा : गेल्याने होणारे फायदे, गेल्याने होणारे तोटे, न गेल्याने होणारे फायदे, न गेल्याने होणारे तोटे. बहुतेक जण पहिले दोनच भरतात आणि तिथेच फसतात. न जाण्याचेही काही बरे असते (मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईबापांची काळजी), ते लिहिल्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. दोघांनी वेगवेगळे कागद भरावेत आणि मग शेजारी ठेवून वाचावेत. त्यानंतर असे समजा की पूर्णपणे अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला आहे. त्याला काय सांगाल? आणि आयुष्याच्या शेवटच्या दिवशी आपण काय ठरवलेले असावे असे वाटेल? जे निघेल ते प्रार्थनेत देवापुढे ठेवा आणि काही दिवस थांबा. मनाला स्थिर शांती राहते की अस्वस्थता वाढत जाते, हे दोघांनीही पाहायचे.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम आहे : मन अंधारात असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. रात्री दोन वाजता हप्त्यांच्या विचाराने झोप उडालेली असते, त्या वेळी घेतलेला निर्णय टिकत नाही. अगदी थांबता येत नसेल तर असे लहान पाऊल टाका की जे मागे घेता येईल.

एजंटबद्दल मात्र आकाशवाणीची वाट पाहायची गरज नाही. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. नियमाने त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. दीड लाख, आठवड्याची मुदत, आणि 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा' असेही म्हणत असेल, तर भगिनी, उत्तर मिळालेले आहे. देवाने दिलेली अक्कल वापरणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे. याकोब १:५ मध्ये मागायला सांगितले आहे ते ज्ञानच.

प्रश्न : पत्नी जाऊन पाच महिने झाले. मिस्साला जातो, पण प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नाही, उलट देवाचा रागच येतो. लोक म्हणतात, रडू नका, ती प्रभूकडे सुखात आहे. माझा विश्वास संपला का?
– एक वाचक, वसई

उत्तर : नाही, भाऊ. राग येतो आहे तो देवाचा, म्हणजे तुम्ही अजून त्याच्याशीच बोलता आहात. रडू नका म्हणणाऱ्यांनी योहान ११:३५ वाचावे. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असतानाही येशू रडला.

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. आपल्याकडे उपासनेत ती फार कमी वाचली जातात, आणि त्याची किंमत तुमच्यासारख्या दुःखी माणसांना मोजावी लागते. १३व्या स्तोत्रापासून सुरुवात करा. जेमतेम सहा वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणे आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने वहीत आपले लिहा. आधी तक्रार, जशी मनात आहे तशी, गोड न करता. मग आजच्या दिवसापुरते एकच मागणे. भरवशाची ओळ लिहिता आली नाही तर ती जागा कोरी सोडा. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला आशेची शेवटची ओळच नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. प्रार्थनेला दहा मिनिटे ठरवली असतील तर दहाच्या आत उठू नका, जमल्यास मिनिटभर जास्त बसा. शब्द आले नाहीत तरी चालेल.

शरीराकडेही बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. 'तू येथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत येतो. एकटे जेवत असाल तर आठवड्यातून दोन दिवस तरी कुणाकडे जेवायला जा. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. जगू नये असे वाटू लागले तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रंदिवस चालतो.

प्रश्न : माझ्या मुलीला फिट्स येतात. प्रार्थनासभेतले एक बंधू म्हणतात, गोळ्या चालू ठेवणे म्हणजे अविश्वास.
– एक माता, पुणे

उत्तर : गोळ्या बंद करू नका, एक दिवसही नाही. फिट्सची औषधे एकाएकी थांबवली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

२ राजे २० मध्ये आजारी हिज्कीया राजाला बरे करण्याचे वचन देवाने स्वतः दिले. त्यानंतर यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची चांदकी (चपटी ढेप) बांधायला लावली. वचन आणि औषध एकाच अध्यायात आहेत. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या (चर्चच्या) वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, ते जरूर करा. औषध टाकून द्या असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. मुलगी खरोखर बरी होत असेल तर ते डॉक्टरांच्या तपासणीत दिसेल आणि तेच हळूहळू डोस कमी करतील. त्या बंधूंचे म्हणणे पाळकांच्या कानावर घाला. १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ प्रमाणे सगळ्या गोष्टींची पारख करणे हे मंडळीचे कामच आहे.

प्रश्न : मधुमेह आहे. नोकरीसाठी उपास-प्रार्थना करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॅथलिक नियमातही सक्तीचे उपास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार असे दोनच आहेत, आणि आजाऱ्यांना त्यातूनही सूट आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर साखर मोजत राहा. ७० (मिग्रॅ/डीएल)च्या खाली गेली किंवा घाम आणि थरथर सुटली तर उपास तिथेच सोडा, तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. परवानगी नसेल तर यशया ५८:७ मधला उपास धरा : रोजच्या वेळी जेवा आणि त्या दिवशी एका भुकेल्या माणसाचेही ताट वाढा.