पाऊण भाकरीत अर्धी भाकरी कितीदा?

“मॅडम, पोरासाठी एआयचं कोणतं अ‍ॅप चांगलं, तेवढं सांगा.”

मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी मी जिथे ऐकते, त्या माझ्या जळगावच्या खोलीत गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न किती वेळा आला, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. चोपडा, भुसावळ, पाचोरा, सगळीकडून येतो. कुणाच्या शेजारच्या मुलीने घेतलंय, कुणाला शिकवणीची फी परवडत नाही. आवाजात मात्र एकच धास्ती असते, आपलं पोर मागे पडेल. ही धास्ती मी हलक्यात घेत नाही. कापूस विकला गेला की मगच शाळेची फी भरणाऱ्या घरात चुकीच्या ठिकाणी गेलेले पैसे वर्षभर टोचतात.

एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटेल ते सारं बदललं आहे. अमळनेरकडचे लोक, वडिलांचं कृषी केंद्र, मुलगा सहावीत. घरी आलेल्या एका विक्रेत्याने अभ्यासाच्या अ‍ॅपचं वर्षभराचं पॅकेज हप्त्यांवर गळ्यात मारलेलं. त्याशिवाय वडिलांच्या फोनमध्ये फुकटचं चॅटजीपीटी होतंच. तक्रार अशी की गृहपाठ पूर्ण बरोबर आणि चाचणीत वीसपैकी सात. “हे अ‍ॅप बदलून दुसरं घेऊ का?”

मी वही मागितली. वडिलांनी अभिमानाने पुढे केली. सुरेख अक्षर, पानापानावर बरोबरच्या खुणा. मी सात-आठ पानं उलटली आणि थांबले. अख्ख्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. अकरा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या वहीत खाडाखोड नसेल, तर ती वही त्याची नसते. हे मी इतक्या वर्षांच्या कामातून शिकले आहे.

एका गणितावर बोट ठेवलं. पाऊण भागिले अर्धा, उत्तर दीड.

“कसं काढलंस?”

“दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.”

“उलटा का करायचा?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वडिलांच्या खिशाकडे पाहिलं. फोन तिथे होता.

पुढच्या दोन भेटी मी अ‍ॅपचं नावही काढलं नाही. त्याच्याशी क्रिकेटवर बोलले, दुकानातल्या पोत्यांवर बोलले. हळूहळू कळलं की वर्गात शंका विचारली की मुलं हसतात, वडील दुकानात दमलेले असतात, आणि फोन रागावत नाही. “त्याला दहादा विचारलं तरी चालतं, मॅडम.” हे वाक्य मी लिहून ठेवलं. मुलगा आळशी नव्हता. न रागावणारं कुणीतरी तो शोधत होता आणि त्याला ते यंत्रात सापडलं होतं.

चौथ्या भेटीला आजी आली. डोळे दाखवायला जळगावला आली होती, म्हणून सोबत. शाळेत कधी गेलेली नाही. मी मुलाला म्हटलं, तेच गणित आजीला समजावून सांग, फोन न घेता. त्याने उलटा करून गुणायचा नियम सांगितला. आजीने शांतपणे विचारलं, “उलटं काबर करानं रे भाऊ?”

काबर. आपल्या खान्देशात ‘का’ असं कोरडं कुणी विचारत नाही, ‘काबर’ म्हणतात. पोरगा गप्प. वडील सांगायला पुढे सरसावले, मी टेबलावर हात ठेवून त्यांना थांबवलं. आजीने डावा तळहात पसरला, उजव्या हाताच्या कडेने त्यावर रेघ मारल्यासारखं केलं आणि म्हणाली, ही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर समज.

मुलाने माझ्यासमोरच्या कागदावर गोल काढला. चार भाग केले, एक खोडला. उरली पाऊण. तिच्यातला अर्ध्या भाकरीचा भाग पेन्सिलने रंगवला. मग बराच वेळ त्या उरलेल्या पाव तुकड्याकडे बघत बसला. दोन मिनिटं असतील, पण वडिलांना ती जड गेली. मला नाही. त्या शांततेची मी तीन आठवडे वाट पाहिली होती.

“अर्धी एकदा बसली,” तो हळूच म्हणाला. “आता पाव उरली. पाव म्हणजे अर्धीची अर्धी... दीडदा! मॅडम, दीडदा बसते!” आणि लगेच, कुणी न विचारता, “म्हणून भागल्यावर उत्तर मोठं आलं! मला वाटायचं अ‍ॅप चुकलंय.”

म्हणजे शंका त्याला आधीपासून होती. विचारायला जागा नव्हती. अ‍ॅपने उत्तर बरोबरच दिलं होतं, पण पोर अडायच्या आत दिलं होतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की १९३४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी गेले. मूल आज कुणाच्या आधाराने जे करतं, ते उद्या एकट्याने करतं, हा त्यांचा विचार माझ्या कामाचा पाया आहे. आधार म्हणजे कडेवर घेणं नव्हे. बोट धरायचं आणि योग्य वेळी सोडायचं. अक्षरओळख नसलेल्या त्या आजीने माझ्या डोळ्यांदेखत ते करून दाखवलं.

तेव्हापासून ‘कोणतं अ‍ॅप’ला माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी मुलाऐवजी तुम्ही पंधरा मिनिटं त्या अ‍ॅपशी बोला. मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. ते लगेच बरोबर उत्तर ओतून मोकळं होतं, की ‘तू हे कसं काढलंस’ विचारतं? खान अकॅडमी या इंटरनेटवर शिकवणाऱ्या संस्थेचं खानमिगो २०२३ मध्ये आलं, ते असं उलट विचारण्यासाठीच बनवलेलं. चॅटजीपीटीत जुलै २०२५ पासून अभ्यासाची वेगळी सोय आहे, पाठोपाठ गूगलच्या जेमिनीतही आली. पण एका टिचकीसरशी मूल पुन्हा थेट उत्तरावर जाऊ शकतं. शेजारी कुणीतरी बसायला लागतंच. शिवाय चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमांनुसार ते तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि पुढे अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. हे ऐकून त्या वडिलांचा चेहरा पडला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी परीक्षा मी त्यांनाच घ्यायला लावली. “कापसाच्या बोंडअळीबद्दल विचारा, अगदी औषधाच्या मात्रेपर्यंत.” पुढच्या भेटीत ते अस्वस्थ होते. “मॅडम, मात्रा चुकीची सांगितली, आणि इतक्या खात्रीने! शेतकऱ्याला मी असं सांगितलं तर पीक जाईल.” ही यंत्रं पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य बांधतात, म्हणून चुकताना त्यांचा आवाज कापत नाही. मी त्यांना म्हटलं, कापूस तुम्हाला माहीत होता म्हणून चूक सापडली. अपूर्णांक पोराला कुठे माहीत होते?

पैशांचं थोडक्यात. दीक्षा हे सरकारी व्यासपीठ २०१७ पासून फुकट आहे. ते पाठ्यपुस्तकाला धरून आहे. लहानग्यांना मोठ्याने वाचायला गूगलचं रीड अलाँग मराठीतही ऐकतं. विकत घ्यायचंच असेल तर खात्यातून आपोआप पैसे कापायला परवानगी देऊ नका. शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना हेच बजावलं होतं. मुलाचा फोटो, शाळेचं नाव, पत्ता त्यात टाकू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती संमती न वाचता देण्याची गोष्ट नाही.

त्या घरात अ‍ॅप राहिलं, क्रम बदलला. आधी वहीत स्वतः, मग आजीला सांगायचं, आणि दोघं अडली तरच वडिलांसोबत बसून फोन. वडील रात्री दुकान अर्धा तास लवकर बंद करतात. मला वाटतं, सगळ्यात महागडं साधन तेच ठरलं.

शेवटच्या भेटीला मुलाने न मागता वही उघडली. दोन ओळी काटलेल्या, तिसरीही काटलेली, रबराने कागद एका जागी फाटलेला. समासात छोटासा गोल, चार भागांचा.

“हे चुकलंय ना अजून?” वडिलांनी वाकून विचारलं.

“हो,” तो म्हणाला, “पण कुठं चुकलंय ते माहितीये.” आणि पेन्सिल मागितली.