हवं तेव्हा ताठ, हवं तेव्हा मऊ होणारे पदार्थ खरंच असतात का?

तुम्ही विचारलंय की निसर्गाची नक्कल करून असे पदार्थ बनवतात ही नुसती बातमी आहे की खरं, आणि त्यासाठी एखादं नवंच रसायन लागतं का.

खरं आहे. मी स्वतः अशा पट्ट्या यंत्रात ताणून तोडण्यात काही वर्षं घालवली आहेत. नवं रसायन मात्र बहुतेक वेळा लागत नाही. आतले घटक तेच राहतात, त्यांनी एकमेकांना किती घट्ट धरलंय तेवढं बदलतं.

समुद्रकाकडी या समुद्रतळावरच्या प्राण्याला डिवचलं की तिची कातडी बघता बघता कडक होते. त्या कातडीत मऊ गरामध्ये कोलॅजेन या प्रथिनाचे बारीक तंतू विखुरलेले असतात. मज्जासंस्थेकडून इशारा मिळाला की काही पेशी प्रथिनं सोडतात, तंतू एकमेकांत गुंततात आणि कातडी ताठ होते. पकड सुटली की पुन्हा मऊ.

अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये हीच युक्ती उचलली. रबरासारख्या पॉलिमरमध्ये त्यांनी सेल्युलोजचे (कापसात, लाकडात असतो त्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, तंतू मिसळले. कोरडं असताना तंतू हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीने, एकमेकांना धरून ठेवतात. पाणी शिरलं की ते बंध पाण्याशी जुळतात आणि तंतूंची आपसातली पकड सुटते. ताठपणा सुमारे ८०० मेगापास्कलवरून (हे ताठपणा मोजायचं एकक) २० वर उतरला, वाळवल्यावर परत वर गेला. डोळ्यांसमोर होतं ते मेंदूत बसवायचं इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत टिपणारी बारीक पट्टी: आत शिरताना ताठ हवं, शिरल्यावर मात्र मऊ, कारण मेंदू अतिशय नाजूक असतो.

कागदावर छान वाटतं, पण पाणी आत झिरपायला वेळ लागतो. माझ्या पट्ट्या कडेने लिबलिबीत आणि मध्ये कडक अशा असायच्या. शिवाय त्या फुगायच्या. सुरुवातीला मी जुन्याच जाडीने हिशेब करत होतो, त्यामुळे कित्येक आकडे फेकून द्यावे लागले.

दुसरी वाट रचनेची. कॉफी पावडरचं हवाबंद पाकीट विटेसारखं कडक असतं, कात्री लावली की ढिलं पडतं, कारण बाहेरच्या हवेने कण एकमेकांवर दाबलेले असतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेतल्या आणि सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या संशोधकांनी एकमेकांत अडकवलेल्या अष्टफलकी (आठ पृष्ठांच्या आकाराच्या) कड्यांचं, चिलखतासारखं कापड थ्रीडी प्रिंटरवर बनवलं. ते लवचीक आवरणात घालून हवा काढली की कापड वाकवायला २५ पटींहून अधिक जड जातं. आवरणाला भोक पडलं की मात्र सगळा खेळ संपला, आणि हवा काढायला पंप लागतोच. तरी मोडलेल्या हाताला आधार देण्यासारख्या कामाला मला हीच वाट जवळची वाटते, कारण इथे काही झिरपायची वाट बघावी लागत नाही.

एक घोळ टाळा. म्हाकुळाच्या (स्क्विड या समुद्री प्राण्याच्या) चोचीचं टोक बुडापेक्षा सुमारे १०० पट ताठ असतं आणि या विषयात तिचंही नाव निघतं. पण तो फरक घडणीतच ठरलेला असतो, ती चोच इच्छेनुसार मऊ होत नाही. या दोन्ही गोष्टींची बातम्यांत सरमिसळ होते.