स्थानिक माल्ट आणि हॉप्सची अंबर लागर चाखून चांगली की वाईट कसं ठरवायचं?

अंबर लागर म्हणजे कमी तापमानात आंबवलेली तांबूस बिअर, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य आणि हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. सगळ्यात आधी, फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखू नका, ८-१० डिग्रीपर्यंत येऊ द्या, फार गार असली की माल्ट कळतच नाही. ग्लास अर्धाच भरा आणि लगेच वास घ्या. भाजलेल्या ब्रेडचा, बिस्किटासारखा वास यायला हवा, हीच या बिअरची खरी ओळख, १८४१ मध्ये आंतोन द्रेहेर या बिअर बनवणाऱ्याने व्हिएन्नाजवळ जी अंबर लागर काढली तिचाही जीव माल्टमध्येच होता. बटरचा वास आला तर डायअॅसिटिल (आंबवताना तयार होणारं रसायन) राहिलंय, उकडलेल्या मक्याचा आला तर डीएमएस (माल्टमधून येणारं गंधकाचं संयुग), आणि केळ्यासारखा फळांचा आला तर बहुतेक बिअर जास्त तापमानात आंबवलीय, लागरमध्ये हे तिन्ही दोषच. मग घोट घ्या, सुरुवातीला माल्टचा हलका गोडवा आणि शेवट कोरडा, स्वच्छ हवा, कॅरॅमल तोंडात चिकटून राहिलं तर मी तरी मार्क कापतो.

स्थानिक म्हणून जास्तीचे मार्क देऊ नका प्लीज. तिथलं धान्य, मध, हॉप्स काहीही असो, ते माल्टला साथ देतंय की त्याच्यावर चढून बसतंय एवढंच बघा. आणि ग्लास थोडा कोमट झाल्यावर परत एकदा चाखा, लपलेले दोष तेव्हाच बाहेर येतात.